नगरांची पर्यावरणीय कार्यक्षमता : रायपूरच्या लोहोद्योगाचा दाखला

१

नगराची संपन्नता मोजण्याची साधने जुनी आहेत. बाजारपेठेची उलाढाल, कारखान्यांची संख्या, लोकसंख्येची वाढ, रस्ते, शाळा व दवाखाने यांची नोंद कोणत्याही गॅझेटियरात सापडते. परंतु ही संपन्नता मिळविण्यासाठी हवा, पाणी व जमीन यांच्यावर किती भार पडला, हा प्रश्न त्या मानाने अलीकडचा आहे. गेल्या तीन-चार दशकांत अर्थशास्त्र आणि पर्यावरणशास्त्र यांच्या सीमेवर ‘पर्यावरणीय कार्यक्षमता’ ही संकल्पना रूढ झाली ती याच प्रश्नातून. ठराविक प्रदूषण व ठराविक साधनसामग्री यांच्या बदल्यात एखादे नगर किती उत्पादन करते, किंवा उलट बाजूने पाहता, तेवढेच उत्पादन किती कमी प्रदूषणात करते, हे या संकल्पनेने सांगावे अशी अपेक्षा असते.

या विषयाचा विचार रायपूरच्या संदर्भात करण्यास दोन कारणे आहेत. पहिले कारण औद्योगिक आहे. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्याची राजधानी झालेले हे नगर कोळसा, खनिज लोह, वीज आणि रेल्वे यांच्या संगमावर वसलेले आहे, आणि देशातील स्पंज-लोहाच्या उत्पादनाचे ते एक प्रमुख केंद्र आहे. दुसरे कारण भाषिक आहे. अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८५४ पर्यंत, १८१८ ते १८३० ही इंग्रज अधीक्षकांची वर्षे वगळता, हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेखाली होता आणि मराठी कुटुंबे तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक १९०० साली सुरू करणारे आणि ‘दासबोध’ व ‘गीतारहस्य’ हिंदीत आणणारे माधवराव सप्रे याच परंपरेतले. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने विसाव्या शतकाच्या आरंभी जो शास्त्रीय परिभाषेचा हिंदी कोश सिद्ध केला, त्यातील अर्थशास्त्राच्या परिभाषेचे काम सप्रे यांनी केले. १९२६ साली त्यांचे निधन झाले तेही रायपूर येथेच. मराठी आणि हिंदी या दोन भाषांच्या परिभाषा जेथे एकमेकींना भेटल्या, तेथे प्रस्तुत संकल्पनेच्या नावापासून आरंभ करणे अप्रस्तुत ठरू नये.

२

इंग्रजी ‘एफिशिअन्सी’ या संज्ञेला मराठीत ‘कार्यक्षमता’ हा प्रतिशब्द स्थिरावला आहे. हिंदीत त्याच अर्थी ‘दक्षता’ हा शब्द शासकीय व शास्त्रीय लेखनात वापरला जातो. ऊर्जा संरक्षण अधिनियम, २००१ अन्वये २००२ साली स्थापन झालेल्या केंद्रीय संस्थेचे हिंदी नावच ‘ऊर्जा दक्षता ब्यूरो’ असे आहे. मूळ संस्कृतात ‘दक्ष’ म्हणजे कुशल, समर्थ, तत्पर. हिंदीने यातील कौशल्याचा व सामर्थ्याचा अर्थ उचलला, तर मराठीने तत्परतेचा अर्थ पुढे नेऊन त्याला जागरूकतेकडे वळविले. मराठी माणूस ‘दक्ष’ असतो तेव्हा तो सावध असतो, लक्ष ठेवून असतो. महाराष्ट्र पोलीस दलाच्या मासिकाचे नाव ‘दक्षता’ आहे. केंद्रीय दक्षता आयोगाचा जो सप्ताह मराठीत ‘दक्षता जनजागृती सप्ताह’ म्हणून पाळला जातो, त्याला हिंदीत मात्र ‘सतर्कता जागरूकता सप्ताह’ म्हणतात.

हा केवळ शब्दार्थाचा भेद नाही. रायपूरच्या कारखान्यांत ‘दक्षता’ या शब्दाचे हे दोन्ही अर्थ प्रत्यक्षात वेगळे झालेले दिसतात आणि नगराची हवा कशी असेल हे बव्हंशी त्या दोहोंच्या परस्परसंबंधावर ठरते. पुढील विवेचन याच भेदाच्या आधाराने केले आहे.

३

प्रथम मापनाची पद्धत समजून घेणे अगत्याचे आहे. सर्वांत साधी पद्धत भागाकाराची. उत्पादनाचे मूल्य वर, प्रदूषणाचे परिमाण खाली. परंतु नगर एकाच वेळी श्रम, भांडवल, पाणी व इंधन वापरते आणि धूळ, वायू, राख व सांडपाणी अशा अनेक गोष्टी बाहेर टाकते. त्या सर्वांना एका भागाकारात बसविता येत नाही. म्हणून १९७८ साली चार्न्स, कूपर व ऱ्होड्स या तिघांनी मांडलेली आणि ‘डेटा एन्व्हलपमेंट ॲनालिसिस’ या नावाने ओळखली जाणारी रीत वापरली जाते. तीत पुष्कळ नगरांची तुलना करून, उपलब्ध साधनांतून सर्वांत चांगला परिणाम साधणाऱ्या नगरांना १ हा गुण दिला जातो. इतर नगरे त्या आदर्शापासून किती दूर आहेत, त्यावरून त्यांचे गुण ठरतात. धूर व राख यांना ‘अनिष्ट उत्पादन’ मानून तेही हिशेबात घेण्याची सोय पुढे झाली. चीनमधील शेकडो नगरांवर या रीतीने अभ्यास झाले असून, हरित तंत्रातील नवोपक्रम आणि उद्योगांच्या रचनेतील बदल यांचा नगराच्या गुणांवर कोणता परिणाम होतो, हा त्यांतील आवडता प्रश्न आहे.

या पद्धतीच्या दोन मर्यादा ध्यानात ठेवल्या पाहिजेत. तिचे गुण सापेक्ष असतात. तुलनेस घेतलेली सर्वच नगरे धुरकट असतील, तर त्यांतील सर्वांत कमी धुरकट नगरालाही पूर्ण गुण मिळतात. दुसरी मर्यादा नवोपक्रम कशाला म्हणावे यासंबंधी आहे. बहुतेक अभ्यासांत हरित नवोपक्रम मोजण्यासाठी पेटंटांची संख्या घेतली जाते. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेने हरित तंत्रांच्या पेटंटांची सूचीही २०१० साली प्रसिद्ध केली. परंतु रायपूरसारख्या ठिकाणी नवोपक्रम म्हणजे बहुधा नवा शोध नसून, इतरत्र सिद्ध झालेले यंत्र आपल्या भट्टीला, आपल्या कोळशाला आणि आपल्या भांडवलाला जुळवून घेणे होय. असे जुळवून घेणे पेटंटाच्या नोंदीत येत नाही. त्यामुळे मोजणीत शून्य दिसणाऱ्या ठिकाणीही बरेच काही घडत असते.

४

औद्योगिक बदल आणि प्रदूषण यांचा संबंध स्पष्ट करण्यासाठी ग्रॉसमन व क्रूगर यांनी १९९१ साली केलेली तीन परिणामांची विभागणी उपयुक्त आहे. उत्पादन वाढले की प्रदूषण वाढते, हा विस्ताराचा परिणाम. एका प्रकारचे उद्योग जाऊन दुसऱ्या प्रकारचे आले की प्रदूषण बदलते, हा रचनेचा परिणाम. तेच उत्पादन अधिक स्वच्छ रीतीने होऊ लागले की प्रदूषण घटते, हा तंत्राचा परिणाम. नगर प्रगत होत जाते तसे ते कारखान्यांकडून सेवाव्यवसायांकडे वळते आणि कालांतराने त्याची हवा सुधारते, अशी या विचारातील एक सर्वसाधारण अपेक्षा असते.

रायपूरचा क्रम याहून निराळा आहे. छत्तीसगडला ‘धान का कटोरा’ म्हणतात, आणि रायपूरचा जुना उद्योग भाताच्या गिरण्यांचा. एक टन भात भरडला की सुमारे दोनशे किलो तूस निघते आणि उकडा तांदूळ करताना लागणारी वाफ त्याच तुसावर करता येते. म्हणजे एका कामाचा टाकाऊ भाग दुसऱ्या कामाचे इंधन, हे तत्त्व या नगराला नवे नव्हते. १९५६ साली रायपूर येथे खाणकाम व धातुशास्त्र यांच्या शिक्षणासाठी शासकीय महाविद्यालयाची पायाभरणी झाली. तीच संस्था २००५ पासून राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थान आहे. १९५९ साली जवळच्याच भिलाईत पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली. तरीही मोठ्या पोलादाचा व्याप भिलाईतच राहिला आणि रायपूरकडे व्यापार, गिरण्या व लहान रोलिंग मिल्स राहिल्या. १९९१ नंतर परवानापद्धती सैल झाली, २००० साली राज्य झाले, आणि त्यानंतरच्या दशकात पोलादाची मागणी वाढली तशी नगराच्या उत्तरेकडील उरला व सिलतरा या औद्योगिक क्षेत्रांत स्पंज-लोहाच्या भट्ट्या वाढत गेल्या. म्हणजे राजधानी म्हणून येथे कार्यालये, महाविद्यालये व रुग्णालये वाढत होती, त्याच काळात कोळशावर चालणारा जड उद्योगही वाढत होता. येथे रचनेचा परिणाम एकाच वेळी दोन विरुद्ध दिशांनी झाला.

त्याची परिणती आकड्यांतूनही दिसते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील ८८ औद्योगिक समूहांचा प्रदूषण-निर्देशांक काढला. ७० किंवा त्याहून अधिक गुण मिळालेले समूह ‘अतिगंभीर’ ठरले. त्यात महाराष्ट्रातील चंद्रपूर ८३.८८ गुणांनी चौथे आणि छत्तीसगडातील कोरबा ८३ गुणांनी पाचवे होते. रायपूर त्याच्या खालच्या, ‘गंभीर’ वर्गात आले. २०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या यादीत मात्र अतिसूक्ष्म धुळीच्या बाबतीत दिल्ली, पाटणा व ग्वाल्हेर यांच्या पाठोपाठ रायपूरचे नाव होते. दर घनमीटर हवेत त्या धुळीची वार्षिक सरासरी १३४ मायक्रोग्रॅम होती. भारताची स्वतःची मर्यादा ४० आहे, आणि संघटनेची त्या वेळची मर्यादा १० होती. जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा छत्तीसगडातील तीन नगरे त्यात आली : रायपूर, भिलाई आणि कोरबा. ही सारी धूळ कारखान्यांचीच असे अर्थात म्हणता येत नाही. वाहने, बांधकामे, कच्चे रस्ते आणि घरगुती चुली यांचाही तीत वाटा आहे.

५

आता या उद्योगातील तंत्राकडे वळावयास हवे. खनिज लोहातील ऑक्सिजन काढून टाकला की धातू उरतो. मोठ्या पोलाद कारखान्यात हे काम कोकवर चालणाऱ्या झोतभट्टीत होते आणि त्यासाठी कोक होण्याजोगा कोळसा लागतो. तो भारतात थोडा आहे. स्पंज-लोहाची रीत साध्या, भरपूर राखेच्या देशी कोळशावर चालते. किंचित उतरते, सावकाश फिरणारे एक लांब पोलादी नळकांडे असते. त्यात खनिज, कोळसा व डोलोमाइट घालून सुमारे हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापवितात. लोह वितळत नाही, घन स्थितीतच त्यातील ऑक्सिजन निघून जातो आणि मागे सच्छिद्र धातू राहतो, म्हणून त्याला स्पंज-लोह म्हणतात. पुढे ते भंगारासह विजेच्या इंडक्शन भट्टीत वितळवून बिलेट ओततात व रोलिंग मिलमध्ये त्यांच्या सळया करतात. महाराष्ट्रात जालना येथील सळयांचा उद्योगही इंडक्शन भट्टीवर उभा आहे. रायपूरचे वैशिष्ट्य असे की तेथे खनिजापासून सळईपर्यंतचे सर्व टप्पे काही मैलांच्या परिसरात होतात.

एक टन स्पंज-लोहास साधारणतः सव्वा टनाच्या आसपास कोळसा लागतो. त्यातील बरीच उष्णता भट्टीतून बाहेर पडणाऱ्या वायूंबरोबर निघून जाते. या वायूंचे तापमान नऊशे ते हजार अंश असते. सुरुवातीच्या लहान कारखान्यांत हे वायू पाण्याच्या फवाऱ्याने थंड करून चिमणीतून सोडले जात. म्हणजे कोळसा वाया जाई आणि तो वाया घालविण्यासाठी पाणीही खर्ची पडे. येथे जो महत्त्वाचा बदल झाला तो हा की या वायूंच्या मार्गात बॉयलर बसवून त्यांच्या उष्णतेवर वाफ व वाफेवर वीज करण्यात येऊ लागली. दिवसाला शंभर टन क्षमतेच्या भट्टीमागे सुमारे दोन मेगावॉट वीज मिळते. चोवीस तासांची ही वीज ४८,००० युनिट, म्हणजे टनामागे ४८० युनिट होते. इंडक्शन भट्टीत एक टन धातू वितळविण्यास सहाशे ते आठशे युनिट लागतात, असे धरले तर पुढच्या टप्प्याची निम्म्याहून अधिक वीज मागच्या टप्प्याच्या वाया जाणाऱ्या उष्णतेतून निघते. भट्टीतून बाहेर पडणाऱ्या अर्धवट जळलेल्या कोळशाला ‘डोलोचार’ म्हणतात. पूर्वी त्याचे ढीग उघड्यावर पडत. तोही वेगळ्या प्रकारच्या बॉयलरमध्ये जाळता येऊ लागला.

दुसरा बदल रोलिंग मिलमधील आहे. ओतलेली बिलेट थंड होऊ द्यायची आणि मग कोळशाच्या भट्टीत पुन्हा अकराशे-बाराशे अंशांपर्यंत तापवून लाटायची, ही जुनी रीत. बिलेट गरम असतानाच थेट लाटली तर ती भट्टीच लागत नाही. रोलिंग मिल्सची ऊर्जा-कार्यक्षमता वाढविण्यासाठी संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने २००४ पासून जो प्रकल्प देशात राबविला गेला, त्यातून अशा सुधारणा लहान उद्योजकांपर्यंत पोचविण्याचा प्रयत्न झाला. २०१२ साली सुरू झालेल्या ‘परफॉर्म, अचीव्ह अँड ट्रेड’ योजनेने मोठ्या कारखान्यांना ऊर्जा-बचतीची लक्ष्ये ठरवून दिली आणि लक्ष्यापलीकडे बचत करणाऱ्यास विकता येतील अशी प्रमाणपत्रे देऊ केली.

६

वरील सर्व सुधारणांत एक समान गुण आहे. त्या स्वतःचा खर्च भरून काढतात. बॉयलर वीज देतो, डोलोचार कोळसा वाचवितो, गरम बिलेट भट्टीचे इंधन वाचविते. कडक पर्यावरणीय नियम उद्योगाला नवोपक्रमास प्रवृत्त करतात आणि त्या नवोपक्रमातून नियमपालनाचा खर्च भरून निघू शकतो, असे मत मायकेल पोर्टर यांनी १९९१ साली मांडले. या वर्गातील सुधारणांना ते लागू पडते. किंबहुना त्यांतील काहींना नियमाचीही गरज भासली नाही, विजेचा दर पुरेसा होता. हिंदीतील ‘दक्षता’ ती हीच.

याउलट दुसरा वर्ग आहे. भट्टीच्या वायूंतील धूळ अडविण्यासाठी इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर बसवितात. रायपुरात सर्वसाधारण माणूसही त्याला ‘ईएसपी’ म्हणतो, इतका तो शब्द परिचयाचा झाला आहे. उच्च दाबाच्या विजेने धुळीचे कण भारित करून ते पत्र्यांवर ओढून घ्यावयाचे व पत्रे ठोकून खाली पाडावयाचे, असे त्याचे कार्य. ३० मे २००८ च्या अधिसूचनेने कोळशावरील स्पंज-लोह भट्टीच्या चिमणीतून निघणाऱ्या धुळीस दर घनमीटरला १०० मिलिग्रॅमची मर्यादा घातली. ती पाळणे या यंत्राने शक्य होते. परंतु हे यंत्र काहीही उत्पन्न देत नाही. ते वीज खाते, निगा मागते, आणि त्यात साठलेली धूळ कुठे टाकावयाची हा नवा प्रश्न उभा करते. ते बंद ठेवले तर कारखान्याच्या उत्पादनात काडीचाही फरक पडत नाही. फरक पडतो तो शेजारच्या गावातील छपरांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, तळ्याच्या पाण्यावर आणि श्वासावर. रात्री ईएसपी बंद ठेवल्या जातात ही तक्रार रायपूरच्या परिसरातून वर्षानुवर्षे होत आली आहे ती यामुळेच. भट्टीत बिघाड झाल्यास वायू थेट सोडण्यासाठी जी आणीबाणीची चिमणी असते, तिच्याविषयीही हेच म्हणता येईल. ती असणे सुरक्षिततेस आवश्यक, परंतु ती कधी व किती वेळ उघडली याची नोंद असणेही तितकेच आवश्यक.

या दुसऱ्या वर्गाला मराठीतील दक्षतेची, म्हणजे जागरूकतेची, गरज असते. यंत्र बसले की कार्यक्षमता आली, असे कागदोपत्री मानता येते. ते चालू आहे की नाही हे पाहणारा कोणी नसेल तर प्रत्यक्षात ती येत नाही. २०१४ साली केंद्रीय मंडळाने अतिप्रदूषक गणलेल्या सतरा प्रकारच्या उद्योगांना चिमणीवर सतत नोंद घेणारी उपकरणे बसविण्याचा आदेश दिला. त्यात लोह-पोलाद उद्योग होता. हा आदेश महत्त्वाचा, कारण त्याने देखरेख हीच नवोपक्रमाचा भाग बनविली. तथापि उपकरणाने दिलेला आकडा वाचणे, तो खरा आहे याची खात्री करणे आणि त्यावर कार्यवाही करणे ही कामे माणसांकडेच राहतात.

७

येथे मापनाचा प्रश्न पुन्हा उपस्थित होतो. समजा, बॉयलर, ईएसपी व इतर सुधारणांमुळे टनामागील धूळ चाळीस टक्क्यांनी घटली आणि त्याच काळात उत्पादन दुप्पट झाले. टनामागचा हिशेब केला तर नगराची कार्यक्षमता ठळकपणे वाढलेली दिसेल. एकूण धूळ मात्र पूर्वीच्या १०० ऐवजी १२० होईल. कोळशाचा वापर अधिक कार्यक्षम झाला की एकूण खप घटण्याऐवजी वाढतो, हे विल्यम स्टॅन्ले जेव्हन्स यांनी इंग्लंडच्या संदर्भात १८६५ सालीच दाखविले होते. नगरातील रहिवासी टनामागची धूळ श्वासात घेत नाहीत, एकूण धूळ घेतात. म्हणून कार्यक्षमतेचा गुण आणि हवेची स्थिती या दोन गोष्टी एकमेकींच्या जागी वापरता येत नाहीत.

दुसरा प्रश्न नगराच्या सीमेचा. रायपूरच्या आग्नेयेस नवे प्रशासकीय नगर वसविण्यात आले व २०१२ साली राज्याचे मंत्रालय तेथे हलले. रुंद रस्ते, वृक्षराजी व कार्यालये असलेल्या नवा रायपूरचा स्वतंत्र हिशेब केला तर तो फार अनुकूल येईल. सिलतऱ्याचा स्वतंत्र हिशेब केला तर तो प्रतिकूल येईल. दोन्ही एकत्र घेतले तर मधला कुठला तरी आकडा मिळेल आणि तो दोन्ही ठिकाणच्या वास्तवाला सारखाच अनोळखी असेल. शिवाय येथील कोळसा व खनिज दूरच्या खाणींतून येतात आणि तयार सळया देशभरच्या इमारतींत जातात. पुणे वा मुंबई सेवाव्यवसायांमुळे कार्यक्षम ठरत असतील, तर त्यांच्या बांधकामांत जाणाऱ्या पोलादाची धूळ दुसऱ्या कुठल्या तरी नगराच्या खात्यावर पडलेली असते. एका नगराच्या रचनेतील हितकर बदल हा पुष्कळदा दुसऱ्या नगराच्या रचनेतील अहितकर बदल असतो.

भार कोणाचा आणि तो कोण उचलतो, हा प्रश्न या प्रदेशाच्या साहित्याला अपरिचित नाही. सप्रे यांची १९०१ सालची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा हिंदीतील अगदी आरंभीच्या लघुकथांत गणली जाते. तिच्यातील जमीनदार विधवेची झोपडी घेतो, परंतु तिच्या जागेवरील एक टोपलीभर मातीही त्याला उचलवत नाही आणि तेव्हा त्याला आपल्या कृत्याच्या भाराची जाणीव होते. कार्यक्षमतेच्या भागाकारात भार असतो, पण तो उचलणारा दिसत नाही. सिलतरा, उरला व बिरगाव येथील कामगारवस्त्या आणि लगतची गावे यांचे स्थान त्या भागाकारात कोणत्याही चिन्हाने दर्शविलेले नसते.

८

हे स्थान दर्शविण्याची एक कायदेशीर वाट आहे, ती जनसुनावणीची. पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यमापनाची अधिसूचना १९९४ सालची. तीत १९९७ साली जनसुनावणीची तरतूद झाली आणि २००६ च्या अधिसूचनेने तिची रीत विस्ताराने घालून दिली. प्रकल्प-अहवालाचा सारांश इंग्रजीबरोबरच राज्याच्या किंवा स्थानिक भाषेत उपलब्ध असावा, अशी त्यात अपेक्षा आहे. छत्तीसगडात ही भाषा व्यवहारतः हिंदी असते. गावातील बोलणे छत्तीसगढीत चालते. २८ नोव्हेंबर २००७ रोजी राज्याच्या विधानसभेने छत्तीसगढीला राजभाषेचे स्थान देणारे विधेयक संमत केले असले, तरी ‘कणीय पदार्थ’, ‘उत्सर्जन’ वा ‘दक्षता’ यांसारख्या संज्ञा छत्तीसगढी बोलणाऱ्यापर्यंत संस्कृतप्रचुर हिंदीतूनच पोचतात. ज्याच्या अंगणात काजळी पडते त्याला काजळी हा शब्द ठाऊक असतो, पण सुनावणीच्या कागदात तो शब्द नसतो. सप्रे यांच्या पिढीने शास्त्रांची परिभाषा घडविली ती शास्त्र लोकांच्या भाषेत यावे म्हणून. ते कार्य या क्षेत्रात अपुरे राहिले आहे आणि भारतीय भाषांच्या अभ्यासकांना येथे प्रत्यक्ष कर्तव्य आहे. परिभाषा दुर्बोध राहिली तर दुसऱ्या अर्थाची दक्षता ज्यांच्यावर अवलंबून आहे, त्यांनाच ती बजावता येत नाही.

९

पुढील काळात या उद्योगावर तिसरे एक बळ कार्य करू लागले आहे. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय पोलाद मंत्रालयाने हरित पोलादाची व्याख्या ठरविली. एक टन तयार पोलादामागे कार्बन वायूंचे उत्सर्जन २.२ टनांहून कमी असेल तर ते हरित, आणि १.६ टनांहून कमी असेल तर त्याला पाच तारे. भारतीय पोलादाची सरासरी अडीच टनांच्या आसपास आहे आणि कोळशावरील स्पंज-लोहाचा मार्ग हा त्यातील जड मार्गांपैकी एक. युरोपीय संघाने आयात पोलादावरील कार्बन-आकारणीची व्यवस्था ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणीच्या स्वरूपात व जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष स्वरूपात लागू केली आहे. त्यामुळे भंगाराचा अधिक वापर, सौरऊर्जेची वीज, खनिजाच्या गोळ्यांचा म्हणजे पेलेटचा वापर, आणि पुढे कोळशाच्या जागी हायड्रोजन, असे पर्याय चर्चेत आले. फिरत्या नळकांड्याच्या भट्टीत हायड्रोजन सहजासहजी वापरता येत नाही. त्यासाठी वेगळी उभी भट्टी आणि लहान उद्योजकाच्या आवाक्याबाहेरचे भांडवल लागते. म्हणून हा बदल झाला तर तो उद्योगाच्या रचनेतही बदल घडवील. काही लहान भट्ट्या बंद होतील व त्यांवर पोट असलेल्या कामगारांचे काय, हा प्रश्न हवेच्या प्रश्नाइतकाच गंभीर होईल.

यात आणखी एक भेद ध्यानात ठेवणे जरूर आहे. कार्बन वायू कुठेही सोडला तरी त्याचा परिणाम साऱ्या पृथ्वीवर होतो. धूळ मात्र चिमणीच्या आसपासच उतरते. कार्बनवर आकारणी झाली की उद्योग कार्बन कमी करील, पण ईएसपी रात्री चालू राहील याची हमी त्यातून मिळत नाही. दूरच्या खरेदीदाराला जे मोजावेसे वाटते, ते आणि जवळच्या रहिवाशाला जे सोसावे लागते, ते या दोन गोष्टी भिन्न आहेत.

तात्पर्य, हरित नवोपक्रम आणि औद्योगिक बदल यांनी नगराची पर्यावरणीय कार्यक्षमता वाढते हे विधान रायपूरच्या बाबतीत काही अंशी खरे आहे. जेथे सुधारणा नफा देते तेथे ती बाजाराच्या बळावर येते आणि टनामागचा कोळसा खरोखरच कमी करते. जेथे ती केवळ शेजाऱ्याचे हित साधते तेथे ती कायदा, सतत चालणारी नोंद आणि जागरूक रहिवासी या तिहींच्या बळावरच टिकते. म्हणून नगराच्या गुणपत्रिकेत टनामागच्या आकड्याशेजारी तीन नोंदी असाव्यात : एकूण धूळ किती, ती कोणत्या वस्तीवर पडली, आणि ती अडविणारे यंत्र वर्षाच्या किती तास चालू होते. या तीन नोंदी प्रत्येक चिमणीखालच्या गावात, त्या गावाच्या बोलीत, वाचावयास मिळू लागल्या तर हिंदी व मराठी या दोन्ही भाषांतील ‘दक्षता’ एकाच ठिकाणी साधली जाईल.